हैमवतीचा उजवा हात

हैमवतीचा उजवा हात खांद्यापर्यंत म्हशीच्या पोटात असला की आंध्रातल्या बापटल्याकडच्या गावांत बघ्यांची गर्दी जमायची. अडलेली म्हैस, आत आडवं झालेलं रेडकू, बाहेर मालकीण ऊर बडवतेय, आणि ही पाच फुटांची पोरगी डोळे मिटून, खालचा ओठ दाताखाली धरून, आत नुसत्या बोटांनी खूर शोधतेय. कळ आली की म्हैस आतून अशी आवळते की माणसाचं हाड वाजावं. हैमवती हात काढायची नाही. "दम धर गं बाई, मी पण धरलाय," असं म्हशीला म्हणायची. मग रक्तात आणि वारेत न्हालेलं रेडकू पायाला धरून बाहेर ओढायची, त्याच्या नाकातला चिकटा काढून त्याला दोन चापट्या द्यायची आणि बादलीभर पाण्यात हात धुऊन पुढच्या गावाला स्कूटरवरून जायची.

बिथरलेला बैल आवरायचा तर तीच. चार गडी लांबून काठ्या नाचवत असायचे, आणि ही सरळ पुढून जाऊन अंगठा आणि मधलं बोट बैलाच्या दोन्ही नाकपुड्यांत घालून मधला नाजूक पडदा चिमटीत धरायची. तिथे धरलं की एवढं मोठं धूड जागेवर मऊ पडतं. गुरांच्या डॉक्टरला ते शिकवतातच.

अशा बाईने दोन वर्षं नवऱ्याचा मार खाल्ला. लोक विचारतात, का खाल्ला? लोकांचं काय जातं विचारायला! ज्याचा स्वतःच्या नावाचा व्हिसा आहे तोच हा प्रश्न विचारतो.

स्थळ अमेरिकेचं आलं. मुलगा चक्रधर, डॅलसजवळ एका कंपनीत कॉम्प्युटरवर, दिसायला बरा, बोलायला गोड. हैमवतीने एकच विचारलं, "तिकडे मला काम करता येईल ना?" चक्रधर फोनवर हसला. म्हणाला, "तिकडे गाई काय कमी आहेत?" गाई कमी नव्हत्या. पण हैमवतीच्या पासपोर्टवर जो शिक्का बसला तो एच-फोरचा, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेली बायको. राहायचं, जेवायचं, पोरं काढायची. कामाला हात लावायचा नाही. पुढे नवऱ्याची ग्रीन कार्डाची फाइल मंजूर झाली तर बायकोला कामाच्या कार्डासाठी अर्ज करता येतो, पण त्यासाठी नवऱ्याच्या मंजुरीचा कागद जोडावा लागतो. तो त्याने दिला तर.

क्रीक व्ह्यू नावाच्या आमच्या वसाहतीत अशा बायका दर जिन्याला दोन. कुणी दातांची डॉक्टर, कुणी वकील, कुणी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी. सकाळी नवरे गेले की सगळ्या खाली तळ्याभोवती चालतात. आणि भीती तर अशी की विचारू नका. एकीने शेजारणीचं पोर दोन तास सांभाळलं तर दुसरी कुजबुजायची, "अगं, हे काम धरतात का गं?"

पहिली थप्पड लाडवांवरून पडली. खालच्या मजल्यावरच्या विजयदुर्गाअक्काच्या कुत्र्याने पिशवीभर मनुका खाल्ल्या. मनुका कुत्र्याला विष. अक्का बोंबलत वर आली. हैमवतीने कुत्र्याला मांडीत दाबून त्याच्या घशात औषध ओतलं, ओकायला लावलं आणि त्याला वाचवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या हाताला काम मिळालं होतं. ती त्या दिवशी कुत्र्याच्या ओकारीत बसून मनापासून हसली. संध्याकाळी अक्काने डबाभर उडदाचे लाडू पाठवले.

चक्रधरने डबा उघडला. "हे कुणी दिलं?"

"अक्कानं. कुत्रं वाचवलं म्हणून."

"म्हणजे काम केलंस. आणि त्याबद्दल घेतलंस."

"अहो, लाडू आहेत!"

"उद्या कुणी लिहून कळवलं तर? माझा व्हिसा जाईल! माझा!" आणि हात उठला. तिच्या कानात कितीतरी वेळ शिट्टी वाजत राहिली. मग त्याने सगळे लाडू एकेक करून कचऱ्याच्या नळीतून खाली टाकायला लावले. ती टाकत होती आणि तो मोजत असल्यासारखा उभा होता. तो घाबरला होता हे खरं आहे. ऑफिसात साहेब त्याला वर्षभर लटकावून ठेवत होता हेही खरं आहे. पण साहेबाला मारायची छाती नव्हती त्याच्यात, म्हणून घरात शूर.

एकदा हात सैल सुटला की सुटतच जातो. वरण खारट झालं म्हणून, फोन उशिरा उचलला म्हणून. मग कारण सांगणंही बंद झालं. आणि देवळात हाच माणूस रविवारी पंगतीत वाढायला पुढे. म्हाताऱ्याकोताऱ्यांना "घ्या ना मावशी, अजून थोडा पुळिहोरा भात" करणारा.

तिसऱ्या वर्षी त्याची फाइल मंजूर झाली. देवळात नारळ फुटला, सगळ्यांना पेढे गेले. हैमवतीने आठ दिवस वाट पाहिली आणि मग विचारलं.

"तो कागद द्या ना. मी अर्ज करते."

"कशाला? उपाशी ठेवतो का मी तुला?"

"काम नाही म्हणून माझे हात सडले."

"मग भांडी घास."

त्याने मंजुरीचा कागद लोखंडी कपाटाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. एकदा किल्ली लावायला विसरला. हैमवतीने ड्रॉवर ओढला, डावा हात आत घातला, आणि मागून चक्रधरने ड्रॉवरला लाथ घातली. हात आत असतानाच. पहिल्या लाथेला ती ओरडली. दुसऱ्या लाथेला मनगटाचं हाड मोडल्याचं तिने ऐकलं. जनावरांची हाडं मोडल्याचा आवाज तिच्या ओळखीचा होता, स्वतःच्या हाडाचाही तसाच आला.

हॉस्पिटलात अक्काने गाडीने नेलं. चक्रधर मागे आपल्या गाडीत. अक्का सिग्नलला थांबली आणि समोर बघतच म्हणाली, "बाथटबमध्ये घसरले म्हणायचं."

"अक्का, त्याने लाथ—"

"ऐक. तू खरं सांगितलंस की पोलीस येतात. त्याला नेतात. त्याचा व्हिसा गेला की तुझा त्याच्या शेपटीला बांधलेला, तोही गेला. ग्रीन कार्डाची फाइल गेली. तू बापटल्याला परत, मोडका हात घेऊन आणि सोडलेली बाई म्हणून. बाथटब म्हण. आम्ही सगळ्या तेच म्हणतो."

आम्ही सगळ्या! अमेरिकेत आमच्या बायका बाथटबात जेवढ्या घसरतात तेवढ्या गोदावरीच्या शेवाळलेल्या घाटावरही घसरत नाहीत.

नर्सने चक्रधरला बाहेर काढलं, दार लावलं आणि मऊ आवाजात विचारलं, "घरी कुणी दुखवतं का तुला?" तेवढी चार शब्दांची जागा होती, बोलायची. हैमवतीने बोलताना खोटंही डॉक्टरसारखं पक्कं केलं. पडताना हात कसा पुढे आला, तळवा कसा टेकला, भार कुठे पडला, सगळं नीट सांगितलं. असं सांगितलं की नर्सने मान डोलावली आणि लिहून घेतलं. खाली हैमवतीने सही केली. उजव्या हाताने, ठसठशीत.

नंतर सासू आली, तुलसम्मा, सहा महिन्यांच्या पाहुण्याच्या व्हिसावर. सोबत आवकायच्या लोणच्याची बरणी, गोंगुराच्या, म्हणजे अंबाडीच्या, पाल्याची पिशवी, आणि पंचवीस वर्षं वैधव्यात कोरडं झालेलं तोंड. लेक सुनेला मारायला लागला की तुलसम्मा टीव्हीवरच्या मालिकेचा आवाज वाढवायची. एकदा तर हैमवतीचं डोकं भिंतीवर आपटत होतं आणि मालिकेत कुणाचं तरी लग्न वाजत होतं. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना सासू म्हणाली, "मारणाऱ्याचा हात दुखला की तो थांबतो. तोवर डोकं दोन्ही हातांत धरायचं. बाकी अंग भरून येतं."

"तुम्हाला कुणी शिकवलं, अत्तय्या?"

"शिकवायला कशाला लागतं? भेंडी नीट बघ, किडकी आहे."

कपाटाची किल्ली आता तुलसम्माकडे असायची, कारण तिचे दागिने त्यातच होते. कमरेला खोचलेली किल्ली दुपारी झोपतानाही ती काढत नसे. एका दुपारी मात्र ती किल्ली उशीशेजारी पडलेली होती, उघडी, आणि म्हातारी भिंतीकडे तोंड करून झोपलेली. विसरली की ठेवली, हे तिने पुढे कधी सांगितलं नाही. हैमवतीने ड्रॉवर उघडला, कागदाचे फोटो काढले, किल्ली जागेवर ठेवली, आणि वाचनालयात जाऊन अर्ज भरला.

तिथे तिची गफलत झाली. अक्का म्हणाली होती, पत्ता माझा दे, कार्ड माझ्याकडे येऊ दे. पण अर्जाखाली लिहिलेलं होतं की खोटं लिहिल्यास शिक्षा. हॉस्पिटलात नवऱ्यासाठी सराईतासारखं खोटं बोललेली ही बाई सरकारी अर्जावर अक्काचा पत्ता घालायला घाबरली! आमच्या बायकांची हीच तऱ्हा. माणसाला घाबरायच्या त्याच्या दुप्पट कागदाला घाबरतात. तिने स्वतःचा पत्ता लिहिला. आणि वसाहतीतल्या टपालाच्या डब्याची एकुलती एक किल्ली चक्रधरच्या गाडीच्या किल्लीला अडकवलेली होती.

टपाल खातं दिवसभरात येणाऱ्या पाकिटांचे फोटो सकाळीच मोबाइलवर पाठवतं. हैमवतीने ती सोय गुपचूप लावून घेतली होती. चार महिने रोज सकाळी ती फोटो बघायची. विजेचं बिल, पिझ्झाची जाहिरात, पुन्हा पिझ्झा. मग जूनमधल्या एका शनिवारी पांढरं पाकीट दिसलं, कोपऱ्यात सरकारी नाव, मध्ये तिचं. हैमवती न्हाणीघरात जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडली.

चक्रधर क्रिकेट खेळायला गेला होता. दुपारी टपालाची गाडी आली तेव्हा ही डब्यापाशी उभी. टपाल वाटणारी बाई जाडजूड, घामाने निथळलेली.

"त्यात माझं पत्र आहे. हातात द्या ना."

"ओळखपत्र?"

पासपोर्ट त्या कपाटात.

"मग किल्लीने उघड, राणी. नियम आहे." बाईने पाकीट डब्यात टाकलं, दार लावलं आणि पुढे गेली. जो हात म्हशीच्या पोटात शिरायचा त्याची बोटं हैमवतीने डब्याच्या फटीत घालून पाहिली. नखं तुटली. आत काही लागलं नाही. ती वर येऊन सासूशेजारी ओट्यापाशी उभी राहिली. तुलसम्मा मुगाचे पेसरट्टू घालत होती, विजेच्या शेगडीची चकली लालभडक होती.

चक्रधर आला तो पाकीट फोडूनच. कार्ड दोन बोटांत धरलेलं. तिचा फोटो, तिचं नाव.

"हे काय आहे?"

"माझं कार्ड आहे. द्या."

"माझ्या फाइलवर तुझं कार्ड? माझ्या पाठीमागे?" त्याने आईच्या हातातलं उलथणं हिसकावलं, तवा लोटून दिला आणि कार्ड सरळ लाल चकलीवर ठेवलं. प्लास्टिक फुगलं, वाकडं झालं, काळा धूर निघाला. हैमवतीने उजवा हात घातला, कार्ड ओढायला. आणि चक्रधरने तो हात वरून धरला आणि दाबला.

मांस जळल्याचा वास तिला माहीत होता. वासरांना डाग देताना यायचा. आता तो तिच्या स्वतःच्या बोटांचा होता आणि कातडी लोखंडाला चिकटून चरचरत होती. "घे कार्ड," तो दात खाऊन म्हणाला, "घे ना! घे!" तुलसम्माने हात टीव्हीच्या रिमोटकडे नेला आणि तिथेच ठेवला.

तेव्हा हैमवतीचा डावा हात उठला. विचार करून नाही. लाथेने मोडलेल्या मनगटाचा तो हात सरळ गेला, अंगठा आणि मधलं बोट चक्रधरच्या नाकपुड्यांत घुसलं आणि मधला पडदा चिमटीत सापडला. तिने पिळलं.

चक्रधर किंचाळला ते चार जिन्यांपर्यंत ऐकू गेलं. त्याची पकड सुटली. तिने त्याला तसाच नाकाने खाली ओढला, गुडघ्यांवर आणला, ओट्यापासून फरफटत बैठकीत नेला. त्याचं रक्त तिच्या कोपरापर्यंत ओघळत होतं. तो बुक्के मारायला गेला की ती अर्धा पीळ वाढवायची आणि तो लुळा पडायचा.

"बस," ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदा त्याला एकेरी. "बस खाली. हां. असा. हाललास तर नाक हातात येईल तुझं."

वरच्या मजल्यावरून कुणीतरी फोन केला. दहा मिनिटांत पोलीस आले तेव्हा ती तशीच उभी होती, आणि तो गुडघ्यांवर, तोंड वर, छाती रक्ताने माखलेली. त्यांना दिसलं ते एवढंच. त्यांनी तिला भिंतीला लावून हातकड्या घातल्या. जळलेल्या बोटांवर कडी घासली तेव्हा ती गुरासारखी हंबरली, आणि ती हंबरली तेलुगूत, म्हणून कुणाला काही कळलं नाही. चक्रधर मात्र नाकाला रुमाल लावून छान इंग्रजीत सांगत होता. "तिचं डोकं ठिकाणावर नाही. गुरांची डॉक्टर आहे हो ती. माणूस आणि बैल यातला फरक कळत नाही तिला."

पोलिसाने तुलसम्माला विचारलं. तिला इंग्रजी येत नाही म्हटल्यावर त्याने फोनवर दुभाषी लावली. कुठल्याशा गावात बसलेल्या तेलुगू बाईचा आवाज खोलीत आला. "अम्मा, मी फक्त तुमचं बोलणं सांगणार. काय झालं?"

म्हातारीने पदर सारखा केला. मग म्हणाली, "दोघंही घसरले. फरशी ओली होती."

फोनवरच्या बाईने एक श्वास घेतला, आणि तेच इंग्रजीत सांगितलं.

"दोघंही?" पोलीस म्हणाला. "एक नाकावर आणि एक शेगडीवर?"

हैमवतीला कळत होतं की आता एकच वाक्य उरलंय. ते बोललं की त्याचा व्हिसा गेला, तिचा गेला, जळून वाकडं झालेलं ते कार्ड तर गेलंच. न बोललं तर हातकड्या तिच्याच. तिने भिंतीवरून तोंड फिरवलं आणि इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मी घसरले नाही. त्याने माझा हात शेगडीवर दाबला. मनगट मोडलं तेव्हाही मी घसरले नव्हते. त्याने ड्रॉवरला लाथ मारली होती. हॉस्पिटलात मी खोटं बोलले."

दुसरा पोलीस ओट्यापाशी गेला. चकलीवर अर्धं कार्ड होतं आणि त्याला चिकटलेली कातडी. तो परत आला, त्याने तिच्या हातकड्या काढल्या आणि त्याच चक्रधरला घातल्या.

त्याला खाली नेलं तेव्हा तुलसम्मा दारात रडत उभी होती. मग आत आली, पदर नळाखाली भिजवला, हैमवतीच्या बोटांभोवती गुंडाळला आणि रागाने म्हणाली, "माझ्या पोराला बैलासारखा धरलास."

हैमवतीने ओल्या पदराचं टोक डाव्या हाताने धरलं.

"माझ्या वेळी हा डाव मला कुणी शिकवला नाही," म्हातारी म्हणाली.

महिन्याभराने तुलसम्मा गावी परतली. चक्रधरवर खटला उभा राहिला, नोकरी गेली. हैमवती बायकांच्या आश्रयगृहात एका खाटेवर. तिथे येणाऱ्या फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाईने तिला सांगितलं, "जळालेल्या कार्डाची दुसरी प्रत मागून उपयोग नाही, ते त्याच्याच खुंटीला टांगलेलं होतं. पण नवऱ्याने मारलेल्या एच-फोर बायकांसाठी वेगळा अर्ज आहे. त्यात तो लागत नाही."

"काय जोडायचं? पदवीचा दाखला?"

"नाही. माराचा पुरावा."

सहा वर्षं शिकून मिळवलेली पदवी राहिली बाजूला, काम करायला परवानगी हवी तर अंग किती फोडलं ते दाखव! हैमवती हसली, आणि मग हसणं थांबेना. हाताचे फोटो होते, पोलिसांचा कागद होता. पण हॉस्पिटलातला तिच्या सहीचा कागद म्हणत होता की ही बाई घसरली. वकीलबाईने विचारलं, तुला खोटं बोल म्हणून सांगणारी बाई लिहून देईल का? अक्काला फोन केला. अक्काने ठेवून दिला. आठ दिवस उचलला नाही. नवव्या दिवशी ती आश्रयगृहाच्या दारात उभी होती, टेक्सासच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून. तिने कागद पुढे केला. "लिहिलंय. बाथटब मीच सांगितला म्हणून." आणि जाताना म्हणाली, "माझंही थोडं लिहिलंय त्यात. चालेल ना?"

अर्जानंतर बोटांचे ठसे द्यायला बोलावलं. काउंटरवरच्या माणसाने तिची उजवी बोटं काचेवर ठेवली. यंत्र लाल झालं. पुसून पुन्हा ठेवली, पुन्हा लाल. बोटांची टोकं गुळगुळीत होती, चकलीच्या रेघा तेवढ्या आडव्या. तो कंटाळून म्हणाला, "काय झालं याला? स्वयंपाकात भाजलं?"

मागे रांग होती. बाथटब म्हणण्याइतकं सोपं होतं, हो म्हणायचं.

"नवऱ्याने जाळली," ती म्हणाली. रांगेतली माणसं बघायला लागली. "तसंच लिहा."

सात महिन्यांनी कार्ड आलं. फोटोशेजारी ठशाची चौकट होती आणि तिच्यात छापलेलं होतं की ठसा उपलब्ध नाही. ते घेऊन ती तीन तासांवरच्या एका गाईंच्या मोठ्या गोठ्यावर गेली. डॉक्टर म्हणून नाही; त्यासाठीची इथली परीक्षा अजून पुढे होती. डॉक्टरच्या हाताखाली मदतनीस म्हणून. चौथ्या दिवशी एक गाय अडली. डॉक्टर दुसऱ्या टोकाला होता. गोठ्याचा मालक टोपी मागे सारून म्हणाला, "तुला जमतं म्हणे?"

हैमवतीने लांब मोजा चढवला, उजवा हात घातला. खांद्यापर्यंत. आत ऊब होती, ओल होती, ओळखीची. आणि बोटांना काही कळेना. खूर आहे की गुडघा, तोंड आहे की पाठ, काही नाही. जळलेल्या टोकांना सगळं सारखंच लागत होतं. ती कितीतरी वेळ शोधत राहिली. मालक बघत होता. तिचे डोळे भरून आले आणि तिने चक्रधरला मनातल्या मनात अशी शिवी दिली की जी तिने आयुष्यात कधी उच्चारली नव्हती.

मग उजवा हात बाहेर काढला. मोजा उतरवला, डाव्यावर चढवला, आणि डावा आत घातला. खूर लागला. एक, मग दुसरा, मागे दुमडलेला. त्याच वेळी गाईला कळ आली आणि ती आतून आवळली, नेमकी मोडून सांधलेल्या मनगटावर. हैमवतीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. हाड पुन्हा मोडतंय असं वाटलं. तिने हात काढला नाही.

"दम धर गं बाई," ती गाईला तेलुगूत म्हणाली, "मी पण धरलाय."